घरच्या आजारी माणसासाठी गाणं: कोणतं, केव्हा, किती

संगीतोपचाराचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास ठरलेला: ‘रक्तदाबावर कोणता राग ऐकायचा?’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांकडे याचं उत्तर तयार असतं. अमुक राग डोकेदुखीवर, तमुक मधुमेहावर, तिसरा पोटाच्या तक्रारींवर. एक राग एक आजार बरा करतो, असं दाखवणारा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही. आपल्या परंपरेत संगीत आणि शरीर यांचा विचार झालाच नाही, असं मात्र नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या पहिल्याच अध्यायात मानवी देह कसा घडतो यावर एक प्रकरण आहे, कारण नाद देहातून उठतो. त्यात शरीराचा विचार आहे, पण कुठल्या आजाराला कुठला राग, असा गोळ्यांच्या चिठ्ठीसारखा तक्ता शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

संशोधनात पुन्हापुन्हा पुढे येतात त्या गोष्टी साध्या आहेत: माणसाची स्वतःची आवड, गाण्याची लय, आवाजाची पातळी, आणि गाणं दिवसाच्या कोणत्या वेळी, कशासाठी लावलं. इटलीत लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतापासून रॅपपर्यंत सहा प्रकार ऐकवले होते आणि त्यांत भारतीय रागसंगीतही होतं. श्वास आणि नाडी यांच्यावर फरक पडला तो मुख्यतः लयीमुळे. जलद लयीने दोन्ही वाढले. सर्वांत मोठी विश्रांती मिळाली ती मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली आले.

हा लेख घरी आजारी किंवा वृद्ध माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), पार्किन्सन्स (कंपवात), पक्षाघातानंतर गेलेली वाचा, झोप, ऑपरेशन आणि मनाची मरगळ, एवढ्याच गोष्टी यात घेतल्या आहेत. हे सगळं चालू औषधांच्या जोडीने करायचं. बीपीची गोळी बंद करून गाणी लावणं हा उपचार नव्हे, जिवाशी खेळ आहे.

आणखी एक फरक आधीच लक्षात घ्यावा. घरात गाणी लावणं म्हणजे संगीताचा उपयोग करणं. म्युझिक थेरपी म्हणजे प्रशिक्षित माणसाने रुग्णाला तपासून, उद्दिष्ट ठरवून केलेलं काम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रुग्णालयांत जखमी सैनिकांसाठी वादक येऊ लागले आणि नुसतं वाजवून भागत नाही हे ध्यानात आलं, तेव्हा त्याचं शिक्षण सुरू झालं. १९५० साली तिथे या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. घरी आपण करणार आहोत ते पहिल्या प्रकारात मोडतं. तेही नीट केलं तर कमी नाही.

आधी यादी, मग स्पीकर

अर्ध्याहून अधिक काम यादीतच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला सर्वांत खोलवर आणि सर्वांत जास्त काळ आठवतात. म्हणून पहिलं गणित जन्मसालाचं. १९४५ साली जन्मलेल्या आजोबांसाठी १९५५ ते १९७५ हा काळ धुंडाळायचा. गीतरामायण १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला सुरू झालं, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. विविध भारती १९५७ची, आणि रेडिओ सिलोनवरचा हिंदी गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम तर त्याआधीपासूनच चालू होता. १९६०च्या सुमाराला जन्मलेल्या आजींची यादी याच्याहून बरीच वेगळी निघेल. तिच्यात कॅसेटच्या जमान्यातली गाणीही येतील.

दुसरं गणित गावाचं, घराचं आणि जातीपातीच्या अनुभवाचं. ‘मराठी माणूस’ म्हटलं की नाट्यगीत आणि भावगीत लावून मोकळं होण्याची एक शहरी सवय आपल्याला आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाच्या कानात शाहिरी असेल, पोवाडा असेल. विदर्भातल्या घरात खंजिरीवरची भजनं. तळकोकणात भजनाची बारी आणि दशावताराची पेटी. कोळीवाड्यात कोळीगीतं. गोव्याच्या ख्रिस्ती घरात मांडो किंवा तियात्रातली कांतारां. कित्येक घरांमध्ये चौदा एप्रिलला गायली जाणारी भीमगीतंच माणसाला उभारी देतात. कुणाची कव्वाली, कुणाची चर्चमधली गीतं. आपल्याला काय आवडतं, याला इथे काडीची किंमत नाही.

‘आमच्या आईला गाण्याची आवडच नव्हती’ असं पुष्कळ मुलगे सांगतात. त्या आईने रेडिओ ऐकला नसेल. पण जात्यावर ओव्या म्हटल्या असतील, भोंडल्यात फेर धरला असेल, मंगळागौर जागवली असेल, पाळणे गायले असतील, काकड्याला गेल्या असतील. तेच तिचं संगीत. त्याचं रेकॉर्डिंग बाजारात मिळणार नाही. मग मावशीला, गावाकडच्या वहिनीला फोनवर म्हणायला सांगायचं आणि फोनमध्येच टिपून ठेवायचं. ओळखीच्या गळ्यातून, ओळखीच्या बोलीत आलेली ओवी कुठल्याही स्टुडिओतल्या आवाजापेक्षा कामी येते, असं माझं ठाम मत आहे.

यादी करताना विचारायचे प्रश्न असे: लग्नात बँडने काय वाजवलं? स्वयंपाक करताना काय गुणगुणायची? शाळेत कोणती प्रार्थना होती? पहिला सिनेमा कुठल्या टॉकीजला पाहिला? रेडिओ लागायचा तेव्हा आधी काय वाजायचं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली आकाशवाणीची सकाळची धून, जिला शब्दच नाहीत, ती ऐकूनही अनेक ज्येष्ठांना चहाची वेळ आठवते.

पंधरा ते वीस गाणी पुरे. प्रत्येकापुढे एकच शब्द लिहा: ‘शांत’, ‘उठवणारं’ किंवा ‘रडवणारं’. चौथा रकाना ‘नको’चा. गेलेल्या मुलाचं आवडतं गाणं, नको त्या माणसाची आठवण देणारं गाणं, घरातल्या कुणाच्या अंत्ययात्रेत म्हटलेलं भजन या रकान्यात जातं. हा रकाना घरच्या माणसाशिवाय कुणालाच भरता येत नाही.

गाणं तेच, पण गायक आणि ध्वनिमुद्रण कोणतं, हेही बघा. जुन्या गाण्याला नवा ठेका चढवलेली आवृत्ती लावली की म्हातारी माणसं वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही.

यंत्र आणि आवाज

साधा स्पीकर घ्या आणि गाणी पेनड्राइव्हवर किंवा फोनमध्ये उतरवून ठेवा. यूट्यूबवरून थेट लावली तर दोन अभंगांच्या मध्ये कर्जाची किंवा मसाल्याची जाहिरात कर्कश आवाजात घुसते. डिमेन्शियाच्या रुग्णाला ती घाबरवून सोडते आणि मग वीस मिनिटांची मेहनत वाया जाते.

आवाज समोरासमोरच्या बोलण्याइतका असावा. ऐकू कमी येतं म्हणून तो वाढवत नेऊ नका. स्पीकर जवळ आणा, चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेलं आणि सेल चालू असलेले हवेत. कानात मळ साठला असेल तर आधी तो डॉक्टरांकडून काढून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांच्या आत ठेवायचा असतो. घरच्या उपयोगासाठी त्याच्या जवळपासही जाण्याचं कारण नाही.

हेडफोन रुग्णालयात चांगला. डिमेन्शिया बराच पुढे गेलेला असेल तर घरी नको. आवाज येतोय, पण गाणारं कुणी दिसत नाही, याची काहींना भीती वाटते.

टीव्ही बंद. हे वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्या घरांत मालिका चालू असतानाच कोपऱ्यात गाणीही लावली जातात.

दिवसभर गाणी चालू ठेवू नका. तासाभरात कान ती ऐकायचं सोडतो. वीस ते तीस मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि संपल्यावर दोन-तीन मिनिटं काहीच नाही. बर्नार्डींच्या प्रयोगातली ती शांतता इथे वापरायची.

डिमेन्शिया: सांज पडायच्या आत

नातवाचं नाव आठवत नाही, पण पहिली ओळ लावली की पुढचं कडवं तोंडून येतं. पुष्कळ घरांनी हे पाहिलेलं असतं. ओळखीच्या संगीताची स्मृती मेंदूतल्या ज्या भागांशी जोडलेली असते, त्यांतले काही अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, इतरांपेक्षा उशिरा बिघडतात. यामुळे आजार हटत नाही आणि गेलेली स्मृती परत येत नाही. अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तर संगीतावर आधारलेल्या उपक्रमांनी उदासी कमी होताना दिसते. स्मरणशक्ती सुधारल्याचं मात्र तितक्या खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून अपेक्षा ठेवायची ती चांगल्या अर्ध्या तासाची.

संध्याकाळी दिवेलागणीला अनेक रुग्ण बेचैन होतात. ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी जातात, सुनेवर ओरडतात. चार-पाच दिवस वही घेऊन वेळ टिपा. समजा रोज साडेपाचच्या सुमाराला सुरू होतं. मग गाणं पाच वाजता लावा. बेचैनी पेटल्यानंतर लावलेलं गाणं बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही, उलट गोंधळात भर घालतं.

क्रम असा ठेवा. पाच मिनिटं आधी पाणी किंवा चहा द्या आणि लघवीला नेऊन आणा, कारण निम्मी बेचैनी तिथेच असते. रोज त्याच खुर्चीवर बसवा, उजेड भरपूर ठेवा, सावल्या पडू देऊ नका. पहिलं गाणं ‘शांत’ रकान्यातलं, हमखास ओळखीचं. तुम्ही शेजारी बसा, समोर नाही. हातावर हलका ठेका धरा, ओठ हलवा. गाता आलं तर उत्तम, बेसूर असलं तरी चालतं. चार-पाच गाणी झाली की थांबा.

एक गोष्ट टाळाच. ‘सांगा बघू, कुणी गायलंय? कुठल्या सिनेमातलं?’ ही परीक्षा कौतुकापोटी घेतली जाते, पण उत्तर आलं नाही की चेहरा पडतो आणि गाण्याशी लाज चिकटते. त्याऐवजी आपणच सांगावं: ‘आई, हे तू अंगणात म्हणायचीस.’

बघायचं काय? पायाची बोटं, ओठ, डोळे. बोटं हलली, मान डोलली, नजर तुमच्याकडे वळली म्हणजे गाणं पोचलं. कपाळावर आठ्या, कानाकडे गेलेला हात, सारखं उठू पाहणं, याचा अर्थ ‘बंद करा’. डोळ्यांत पाणी आलं म्हणून लगेच बंद करू नका. हात धरून बसा. कढ येऊन माणूस शांत होत असेल तर ठीक, हुंदके वाढत गेले तर गाणं बदला आणि ते ‘नको’च्या रकान्यात टाका.

आंघोळ हा दुसरा अवघड प्रसंग. ‘उठवणारं’ गाणं बाथरूमच्या बाहेर लावा, कपडे काढायच्या आधीपासून, आणि रोज तेच. काही दिवसांत ते गाणं म्हणजे आंघोळ अशी सवय बसते. अगदी शेवटच्या टप्प्यात, बोलणं थांबलेलं असताना, मशीन बाजूला ठेवून नुसतं गुणगुणा, हात चोळत.

पार्किन्सन्स: पाय उचलण्यासाठी ठोका

पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, आपोआप चालण्याची आतली लय मंदावते. पावलं तोकडी पडतात, दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बाहेरून नियमित ठोका मिळाला की पाऊल त्याला धरून पडतं. १९९०च्या दशकात मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी यावर पद्धतशीर काम केलं. आज अनेक देशांत फिजिओथेरपिस्ट हे वापरतात. टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकत जाणारी दिंडी आपण पाहिलेली असल्यामुळे ही कल्पना समजायला आपल्याला जड जात नाही.

घरी करायचं तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, तोल तपासून घ्या. पडण्याची भीती असेल तर एक माणूस अर्धं पाऊल मागे, आजारी बाजूला, कमरेच्या पट्ट्याला हात लावून. औषधाचा असर चांगला असतो त्या वेळात सराव करा, गोळीचा असर उतरताना नाही. पायात घट्ट चप्पल, वाटेत पायपुसणी नको.

आता मोजणी. नेहमीच्या चालीने मिनिटभर चालवा आणि पावलं मोजा. दोन्ही पायांची मिळून समजा ९० आली. फोनमध्ये मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं, अ‍ॅप घ्या, ठोका ९०वर लावा आणि पहिले तीन-चार दिवस त्यावरच चालवा. पाऊल ठोक्यावर बरोबर पडायला लागलं की ५ ते १० टक्के वाढवा, म्हणजे ९५ ते ९९. त्यापुढे जाऊ नका. वेग वाढला पण पाऊल तोकडं झालं तर ते नुकसानच. उलट खाली या आणि ‘लांब पाऊल, बाबा’ असं सांगा.

नंतर गाण्याकडे वळा. त्या ठोक्याचं गाणं कसं शोधायचं? गाणं लावून पंधरा सेकंदात टाळ्या किती पडतात ते मोजा, चारने गुणा. तालाचे भाग सम मात्रांचे हवेत. भजनी ठेका आणि केरवा, दोन्ही आठ मात्रांचे, चालायला उत्तम. दादरा मात्र टाळा. त्याचे तीन-तीन मात्रांचे भाग असतात, त्यामुळे जोर एकदा डाव्या पायावर येतो, एकदा उजव्या पायावर, आणि आधीच अडखळणारा माणूस गोंधळतो. पुष्कळशी गोड भावगीतं दादऱ्यातच आहेत, हे इथे आडवं येतं. ती संध्याकाळसाठी राखून ठेवा. शाळेत कवायतीला वाजणारी स्फूर्तिगीतं इथे कामाला येतात. ठोका स्पष्ट ऐकू यायला हवा. लांबलचक आलाप, लयीशी खेळणारी ठुमरी चालण्यासाठी नाही.

दहा मिनिटांपासून सुरुवात. पाय गोठला तर ओढू नका. थांबा, वजन एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर घ्यायला सांगा, तोंडाने ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणा आणि ‘एक’वर पाऊल टाकायला लावा. रस्त्यावर इअरफोन घालून हे करू नका, मागून येणारी दुचाकी ऐकू यायला हवी.

पक्षाघातानंतर: गाता येतं, पण बोलता येत नाही

लकव्याने मेंदूची डावी बाजू गेली की बऱ्याच जणांचं बोलणं जातं. त्यांतल्या काहींना सगळं समजतं, पण शब्द फुटत नाही. गंमत म्हणजे असा माणूस पूर्ण आरती म्हणतो आणि पाणी मात्र मागू शकत नाही. घरचे म्हणतात, ‘मुद्दाम बोलत नाहीत.’ तसं नाही. पाठ असलेलं गाणं, आरती, एक ते दहा आकडे हे आपोआप येतं. मनातलं वाक्य जुळवून बोलणं हे वेगळं काम आहे. त्यामुळे आरती म्हणवून घेणं आनंदाचं असलं तरी नुसत्या आरतीने बोलणं परत येईल असं समजू नका.

या धाग्यावरच बॉस्टनमध्ये १९७३ साली एक पद्धत मांडली गेली. नेहमीच्या कामाची वाक्यं दोन स्वरांत, डाव्या हाताने टपटप करत गायची आणि हळूहळू गाण्यातून बोलण्याकडे यायचं. अमेरिकेच्या माजी खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ साली डोक्यात गोळी लागल्यावर त्यांच्या पुनर्वसनात संगीताचा असा उपयोग झाला होता. पद्धत स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्यावी. घरी सराव करताना क्रम असा:

१. वाक्य निवडा, तीन-चार अक्षरांचं आणि रोज लागणारं. ‘चहा दे’, ‘नको आता’, ‘पंखा लाव’. शब्द रुग्णाच्या तोंडचेच हवेत. घरात ‘च्या ठिव’ म्हणत असतील तर ‘च्या ठिव’. बायकोला ‘अगं’ म्हणत असतील तर ‘अगं’सकट.

२. दोन स्वर घ्या: सा आणि त्याच्या जरासा वरचा कोमल ग. बोलताना ज्या अक्षरावर जोर येतो ते वरच्या स्वरावर. पेटीची गरज नाही, सोयीच्या पट्टीत गुणगुणा.

३. समोर बसा, त्यांचा डावा हात हातात घ्या आणि प्रत्येक अक्षराला एकदा मांडीवर टपकवा. आधी फक्त तुम्ही गुणगुणा, शब्दांशिवाय.

४. मग दोघांनी मिळून शब्दांसह गा, सावकाश, अक्षर लांबवत.

५. अर्ध्यातून तुम्ही गप्प व्हा, त्यांना पूर्ण करू द्या.

६. तुम्ही गा, मग ते एकटे गातील.

७. आता प्रश्न विचारा: ‘काय हवंय?’ उत्तर गाऊन आलं तरी चालेल.

८. शेवटी गाण्याचे स्वर सपाट करत बोलण्यावर या.

पायरी अडली तर एक मागे या. एका बैठकीत दोन-तीन वाक्यं, पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. ज्यांना समजायलाच अडचण आहे, बोलणं भराभर पण अर्थहीन येतं, त्यांना ही पद्धत बहुधा लागू पडत नाही.

नुसत्या ऐकण्याचाही फायदा आहे. हेलसिंकीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात नुकताच झालेल्या ६० रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाने आपल्या आवडीचं संगीत दोन महिने रोज किमान तासभर ऐकलं, दुसऱ्याने बोलकी पुस्तकं, तिसऱ्याला दोन्ही नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि अवधान इतरांपेक्षा जास्त सुधारलं, आणि काहीच न ऐकणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची उदासीही कमी होती. मला यात ‘आपल्या आवडीचं’ हे दोन शब्द महत्त्वाचे वाटतात.

श्वास, झोप, ऑपरेशन

गुणगुणण्यात यंत्र लागत नाही आणि पैसेही. स्वीडनमधल्या संशोधकांना २००२ साली दिसलं की शांत श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू पंधरापट वाढतो, म्हणजे सायनसमधली हवा खेळती होते. भ्रामरी प्राणायाम करणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल. बर्नार्डींच्याच २००१च्या अभ्यासात रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या तालावर त्याचा चांगला परिणाम दिसला. जप, हरिपाठ, रोझरी, जे घरात आहे ते. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाने ताठ बसून एका श्वासात एक ओळ म्हणावी, श्वास संपायच्या आत थांबावं. चक्कर किंवा धाप लागली तर तिथेच बंद.

झोपेसाठी मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांचं, शब्द कमी असलेलं संगीत, अंथरुणावर पडल्यावर अर्धा-पाऊण तास, रोज तेच. पहिल्या रात्री फरक पडेलच असं नाही, तीन आठवडे द्या. बासरी, संतूर, सारंगीचा विलंबित आलाप चांगला. द्रुत गत आणि तबल्याचा तोडा येण्याआधी तुकडा कापून घ्या. फोन उशाशी नको आणि बंद होण्याची वेळ लावून ठेवा.

ऑपरेशनबाबत पुरावा बराच भरवशाचा आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा आला. संगीत ऐकणाऱ्यांना ऑपरेशननंतर वेदना आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामकंही कमी लागली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा, हेडफोनवर नाव लिहा, आणि एक कान सूचनांसाठी मोकळा ठेवायचा का तेही विचारा. डायलिसिस, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग, गुडघ्याचा व्यायाम या वेळीही हीच युक्ती चालते.

मन खचलेलं असताना

इथे जपून. नैराश्यात नेहमीच्या उपचाराला थेरपिस्टच्या म्युझिक थेरपीची जोड दिली तर थोड्या काळासाठी फायदा होतो, असं चाचण्यांचे आढावे सांगतात. एकट्याने खोलीत बसून तीच विरहगीतं रात्रभर ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याने माणूस त्याच विचारात घोळत राहतो. खूण सोपी आहे: गाणं संपल्यावर थोडं हलकं वाटतं की आणखी जड? जड वाटत असेल तर यादी बदला. सुरुवातीलाच उसनं उत्साही गाणं लावू नका. आत्ताच्या मनःस्थितीशी जुळणारं एक, मग किंचित हलकं, मग त्याहून मोकळं, अशी तीन-चार गाण्यांची चढण करा. शक्य असेल तर ऐकण्यापेक्षा गाण्याला जा. कॉलनीतलं भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाचा कराओके, काहीही. तिथे सुरांइतकीच माणसं कामाला येतात.

भास होत असतील, कानात आवाज बोलत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडफोन नको. काही थोड्या लोकांना विशिष्ट संगीताने फिट येते. फिटचा आजार असेल तर लक्ष ठेवा. आणि कुणी जगण्याचा कंटाळा आला म्हणत असेल, जीव द्यायची भाषा करत असेल, तर गाण्यांची यादी बाजूला ठेवून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

वही, आणि थेरपिस्टकडे जायचं झालं तर

वहीत पाच गोष्टी पुरेत: तारीख, वेळ, कोणती गाणी, आधी बेचैनी किंवा वेदना शून्य ते दहापैकी किती, नंतर किती. चालण्याच्या सरावात आकड्यांऐवजी मिनिटाची पावलं. दोन आठवड्यांनी बघा. फरक नसेल तर वेळ बदला, मग यादी बदला. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. महिन्याभरात काहीच हाती लागलं नाही तर सोडून द्यायला हरकत नाही. संगीत सगळ्यांना लागू पडत नाही, आणि काही माणसांना खरोखरच शांतता आवडते.

थेरपिस्ट शोधताना गळा किती गोड आहे ते शेवटी विचारा. आधी हे विचारा: शिक्षण कुठे, किती काळाचं? रुग्णांबरोबर कुणाच्या देखरेखीखाली काम केलं? पहिल्या भेटीत तपासणी करता का आणि उद्दिष्ट लिहून देता का? आमच्या न्यूरॉलॉजिस्टशी किंवा स्पीच थेरपिस्टशी बोलाल का? किती बैठकांनंतर आढावा घ्याल? औषध बंद करायला सांगणारा, मधुमेह किंवा कॅन्सर बरा करतो म्हणणारा, सगळ्यांना तीच सीडी विकणारा माणूस दिसला तर फी न देता उठा. गावात असं कुणी नसेल तर फिजिओथेरपिस्टला आणि स्पीच थेरपिस्टलाच वही दाखवा. ठोका ठरवून देणं, वाक्यं निवडून देणं हे त्यांना जमतं. गाणी तुम्हाला माहीत आहेत.